हरण, ऋण आणि निर्देश : मराठी साहित्यसंशोधनातील सचोटीचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

पीएच.डी. पदवीसाठी सादर होणाऱ्या मराठी प्रबंधाला शीर्षकपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देश यांच्या जोडीला आता आणखी एक कागद लागतो. संगणकीय आज्ञावलीने काढलेली साम्याची टक्केवारी या कागदावर असते. हा आकडा दहाच्या आत असला की प्रबंध निर्दोष ठरला, आणि दहाच्या वर गेला की काही वाक्ये उलटसुलट करून तो खाली आणावयाचा, असा एक व्यवहार विद्यापीठीय वर्तुळात रूढ होऊ पाहत आहे. या व्यवहारात प्रबंधाची सचोटी ही त्याच्या निष्कर्षांहून वेगळी, शेवटच्या महिन्यात पूर्ण करावयाची एक तांत्रिक बाब ठरते.

वास्तविक साहित्यसंशोधनात कोणते विधान कोणाचे, याचा निर्णय हा संशोधनाचाच गाभा असतो. अमुक अभंग तुकारामांचा की अन्य कोणाचा, अमुक पाठ मूळचा की प्रक्षिप्त, अमुक कल्पना मराठी समीक्षकाची की पाश्चात्त्य ग्रंथातून आलेली, हे प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने आयुष्यभर हाताळलेले असतात. दुसऱ्याच्या कर्तृत्वाचा एवढ्या काटेकोरपणे शोध घेणाऱ्या अभ्यासशाखेने स्वतःच्या लेखनातील कर्तृत्वाचा प्रश्न केवळ आकड्यावर सोपवावा, यात एक विसंगती आहे. ती स्पष्ट करून, संशोधनातील सचोटी म्हणजे नेमके काय आणि तिचे निकष मराठी विभागांनी कोठे शोधावेत, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

२. नियमांची चौकट

महाराष्ट्रातील विद्यापीठीय शिस्तीचा विचार दीर्घकाळ परीक्षागृहाभोवती फिरत राहिला. विद्यापीठे, मंडळे आणि अन्य विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा १९८२ चा राज्य कायदा हे त्याचे ठळक उदाहरण होय. परीक्षेतील नक्कल रोखण्यासाठी पर्यवेक्षक नेमता येतो. प्रबंधलेखन मात्र अनेक वर्षे, एकट्याने आणि कोणाच्याही देखरेखीवाचून चालते. त्यामुळे तेथील गैरप्रकारांसाठी वेगळी चौकट आवश्यक होती.

ती चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मधील विनियमांनी देशभर लागू केली. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे, अशी वाङ्मयचौर्याची व्याख्या या विनियमांत आहे. दंडासाठी चार स्तर ठरविलेले आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते व त्यास दंड नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास विद्यार्थ्याने सहा महिन्यांहून अधिक नसलेल्या ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध सादर करावयाचा असतो. चाळीसच्या वर साठ टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई होते. साठ टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते.

प्रकाशित लेखनाबाबत वेगळी श्रेणी असून तिचा भार अध्यापकांवर अधिक पडतो. दुसऱ्या स्तरावर लेखन मागे घेण्याबरोबर एक वार्षिक वेतनवाढ रोखली जाते आणि दोन वर्षे नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत; तिसऱ्या स्तरावर लागोपाठच्या दोन वेतनवाढी व तीन वर्षांचे मार्गदर्शन गमवावे लागते. पदवी मिळून गेल्यानंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झाले, तरी ती पदवी काही काळ स्थगित ठेवण्याची तरतूद आहे.

चौकशीसाठी विभागीय आणि संस्थात्मक अशी दोन मंडळे असतात. विभागीय मंडळ विभागप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली काम करते. त्याने ४५ दिवसांत अहवाल द्यावयाचा आणि संस्थात्मक मंडळाने पुढील ४५ दिवसांत निर्णय करावयाचा असतो. आरोप निःसंशय सिद्ध झाल्याखेरीज आणि संबंधिताला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिल्याखेरीज दंड करता येत नाही. ही तरतूद विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण संशयाचा डाग पुसण्यास दंडापेक्षाही अधिक काळ लागतो. याशिवाय, आपल्या हाताखाली झालेले काम वाङ्मयचौर्यमुक्त आहे, असे प्रमाणपत्र मार्गदर्शकाने द्यावयाचे असते. त्यामुळे प्रबंधाची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची राहत नाही.

३. टक्केवारी काय मोजते

या विनियमांच्या व्याख्येत 'काम' आणि 'कल्पना' असे दोन्ही शब्द आहेत. दंडाच्या श्रेणीत मात्र साम्याची टक्केवारी आहे. व्याख्या व्यापक आणि मोजमाप अरुंद, अशी ही स्थिती आहे. तीनशे पृष्ठांच्या प्रबंधात दहा टक्के म्हणजे तीस पृष्ठे होतात. ज्या एका पृष्ठावर प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष आहे, तेच पृष्ठ दुसऱ्याच्या अप्रकाशित टिपणातून आले असेल, तर आकडा शून्याच्या आसपास राहील आणि प्रबंध मात्र मुळातच उसना असेल. या अडचणीची जाणीव विनियमांना नाही असे नाही. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष यांसारख्या गाभ्याच्या भागात कोणतेही साम्य नसावे, अशी स्वतंत्र सूचना त्यांत आहे. सर्वज्ञात माहिती व योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे शब्दबंध तेवढे या सूचनेतून वगळले आहेत.

चौदा शब्दांची ही मर्यादा मराठीत कशी लागू पडते, याचाही विचार व्हावयास हवा. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिण्याच्या मराठी पद्धतीमुळे चौदा शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच अधिक आशय मावतो. ज्ञानेश्वरीतील साडेतीन चरणांची ओवी तर पुष्कळदा त्याहून कमी शब्दांत संपते. म्हणजे एक पूर्ण ओवी, एक पूर्ण युक्तिवाद किंवा एक नेमकी व्याख्या या सवलतीच्या आत सहज बसू शकते.

लिपीची अडचण याहून मोठी आहे. युनिकोड प्रचलित होण्यापूर्वीच्या टंकांत जुळविलेला देवनागरी मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला, तरी यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असतो. केवळ छायाप्रतिमा म्हणून साठविलेली पृष्ठे आज्ञावलीला वाचताच येत नाहीत. जुन्या मराठी नियतकालिकांचा, गौरवग्रंथांचा आणि प्रबंधांचा मोठा भाग अशा स्वरूपात आहे किंवा संगणकावर आलेलाच नाही. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती 'शोधगंगा' या संग्रहात जमा होऊ लागल्या आणि २०१९ मध्ये 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना साम्यशोधनाची साधने मिळाली. त्यामुळे परिस्थिती सुधारली हे खरे. तथापि जे यंत्राला दिसत नाही त्याच्याशी साम्यही दिसत नाही. उलटपक्षी, संतसाहित्यावरील प्रामाणिक प्रबंधात शेकडो अभंग उद्धृत असतात. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे विनियमांनुसार साम्यातून वगळावयाची असतात. पण ती वगळण्याची दक्षता घेतली नाही, तर याच प्रबंधाचा आकडा फुगतो. कमी आकडा सचोटीची खात्री देत नाही आणि अधिक आकडा अपराध सिद्ध करीत नाही. आकड्याचा अर्थ लावण्यासाठी प्रबंध वाचणारा माणूस लागतो.

४. शब्दहरण आणि अर्थहरण

शब्दांची उचल आणि अर्थाची उचल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी माणसांतील सारखेपणासारखे. पहिली दोन त्याने टाळावयास सांगितली. तिसरे मात्र त्याला मान्य होते, कारण तोंडवळा सारखा असला तरी दुसऱ्या देहात स्वतंत्र जीव असतो.

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हा विषय तीन अध्यायांत विस्ताराने मांडला. आपला पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा भूषणमणी होता, असे सांगणाऱ्या या पंडिताची मीमांसा मराठी अभ्यासकाला जवळची वाटावी अशी आहे. शब्दहरणाचे त्याने पाच प्रकार केले : एका पदाचे, एका चरणाचे, अर्ध्या श्लोकाचे, संपूर्ण वृत्ताचे आणि संपूर्ण प्रबंधाचे. आजच्या टक्केवारीची ही पूर्वपीठिकाच म्हणता येईल. परंतु राजशेखर तेथे थांबला नाही. अर्थहरणाची त्याने वेगळी श्रेणी लावली. सगळा अर्थ तोच ठेवून केवळ वाक्यरचना बदलणे याला त्याने 'प्रतिबिंबकल्प' म्हटले आणि ते त्याज्य ठरविले. आकडा खाली आणण्यासाठी वाक्ये उलटसुलट करण्याचा जो उद्योग आज चालतो, त्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण आहे.

राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही नोंदविले आहे. हरणास कवी कशामुळे प्रवृत्त होतो, याची कारणे ती सांगते. मूळ कर्ता अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याच्या भाषेला कोणी विचारीत नाही. तो परदेशी आहे. त्याची कृती जाणणारे उरले नाहीत. तिचा मूळ आधारच नष्ट झाला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या विद्यापीठीय जीवनातील जवळजवळ सर्व सबबी आढळतात. अन्य विद्यापीठातील अनोळखी विद्यार्थ्याचा लघुप्रबंध, बंद पडलेल्या नियतकालिकातील लेख, परभाषेतील ग्रंथ, दिवंगत अध्यापकाची टिपणे यांवर हात टाकताना मन असेच समर्थन करीत असते. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, वाणीची चोरी मात्र मुलानातवांपर्यंत टिकते, हा इशाराही याच प्रकरणात नोंदविलेला आहे.

तरीही काव्यमीमांसेचा निवाडा जसाच्या तसा संशोधनाला लावता येणार नाही. कवी थोडाफार उचल्या असतोच. जो लपवू जाणतो तो निंदेवाचून मिरवतो, असे राजशेखराचे प्रतिपादन आहे. काव्याच्या संदर्भात त्यात तथ्य आहे. पूर्वसूरींची कल्पना पचवून तिचे मूळ ओळखू येणार नाही इतकी ती आपलीशी करणे, ही कवीची शक्ती असते. संशोधकाच्या बाबतीत नेमके उलट घडावे लागते. त्याचे विधान वाचकाला पारखून घेता आले पाहिजे आणि पारखण्यासाठी विधानाचे मूळ उघडे असावे लागते. काव्यात जे लपविणे कलेत जमा होते, तेच संशोधनात अपराध ठरते. येथील उचल निषिद्ध नाही. उचलीवाचून संशोधन होतच नाही. निर्देशाविना केलेली उचल तेवढी निषिद्ध आहे. हरण आणि ऋण यांत अंतर एवढेच, की ऋण लिहून ठेवलेले असते.

५. मराठी परंपरेतील निर्देश

संदर्भनिर्देशाची पद्धत पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आली आणि मराठी मनाला ती परकी आहे, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. मराठी गद्याच्या आरंभाकडे पाहिले तर तो टिकत नाही. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या नागदेवाचार्यांना आणि अन्य प्रत्यक्षदर्शी अनुयायांना विचारून, पडताळून. पुढे मूळ ग्रंथ धामधुमीत नष्ट झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा सिद्ध करण्यात आला, असे महानुभाव परंपरा सांगते. या प्रक्रियेत भिन्न भिन्न पाठ निर्माण झाले. परंपरेने त्यांतील एकच खरा मानून बाकीचे पुसले नाहीत. पाठभेदांना 'वासना' असे नाव देऊन ते जपले आणि हिराइसा, परशरामबास अशा व्यक्तींच्या नावांनी ते ओळखले. कोणी सांगितले, कोणाच्या स्मरणातून आले, याची ही दक्षता श्रद्धेतून उत्पन्न झालेली असली, तरी तिचे स्वरूप संशोधकाच्या दक्षतेहून वेगळे नाही.

ज्ञानेश्वरांनीही ग्रंथाच्या अखेरीस आपण व्यासांच्या पावलांवरून आणि भाष्यकारांकडे विचारणा करीत आलो, असे सांगितले आहे. शके १२१२ मधील हा ऋणनिर्देश आहे आणि तो करताना त्यांच्या प्रतिभेला काही उणेपणा आला नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांनी स्वतःची ओवी त्या ग्रंथात घालणाऱ्याला सक्त शब्दांत बजावले. असे करणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय, असा त्यांचा अभिप्राय होता. एकनाथ स्वतः श्रेष्ठ कवी होते. आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या ओवीत मिसळून देण्याचे सामर्थ्य असलेल्या कवीने तसे न करण्याचा नियम घालून द्यावा, हे संपादकीय सचोटीचे मोठे उदाहरण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. कर्तृत्वाचा अपहार दोन दिशांनी होतो. दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घालणे ही एक दिशा. आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर घालणे ही दुसरी. तुकारामांच्या अभंगांत सालोमालो याने स्वतःची मुद्रा घातल्याची कथा परंपरा सांगते आणि त्याच्यावरचे अभंग गाथेत आहेत. हे पहिल्या प्रकारचे उदाहरण. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि अन्य 'नामा' यांच्या रचना मिसळल्या गेल्या, त्यातून निर्माण झालेला गुंता अभ्यासकांना अजून पुरता सोडविता आलेला नाही. दुसऱ्या दिशेने काय होते याची कल्पना त्यावरून येते. नसलेले अवतरण एखाद्या नामवंत समीक्षकाच्या नावे देणारा किंवा न वाचलेल्या ग्रंथाचा पृष्ठांक देणारा संशोधक याच दुसऱ्या प्रकारात मोडतो. साम्य शोधणारी आज्ञावली त्याला कधीच पकडू शकत नाही, कारण त्याचे अवतरण कशाशीच जुळत नाही.

आधुनिक काळातही चांगले दाखले आहेत. वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'ला शं. गो. तुळपुळे यांनी भर घातली ती 'पुरवणी' म्हणून, स्वतंत्र आणि स्वतःच्या नावाने. भाव्यांचे काय आणि तुळपुळ्यांचे काय, याविषयी वाचकाच्या मनात संभ्रम राहत नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) किंवा देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) ही नाटके शेक्सपिअरची रूपांतरे म्हणूनच ओळखली जातात. मूळ कबूल केल्याने रूपांतराचे मोल कमी होत नाही. उलट मूळ कृतीशी ताडून पाहता येत असल्यामुळे रूपांतरकाराचे कौशल्य अधिक उठून दिसते.

६. मराठी विभागांतील विशेष प्रसंग

सर्वसाधारण नियमांत सहसा न येणारे, परंतु मराठीच्या संशोधनात वारंवार उद्भवणारे काही प्रसंग येथे नमूद केले पाहिजेत.

पहिला प्रसंग भाषांतरित हरणाचा. रूपवाद, संरचनावाद, स्त्रीवाद, उत्तरवसाहतवाद अशा विषयांवरील 'सैद्धान्तिक भूमिका' या प्रकरणाचा मोठा भाग इंग्रजी ग्रंथांतून मराठीत आणलेला असतो. शब्द बदललेले, भाषा बदललेली. युक्तिवादाचा क्रम, उदाहरणे आणि निष्कर्ष मात्र तेच. एका भाषेतील शब्द जुळविणाऱ्या साधनाला हे दिसत नाही. भाषांतर हे कष्टाचे काम आहे आणि ते भाषांतर म्हणून मांडले तर आदरणीय आहे. 'अमुक ग्रंथाच्या आधारे' असे एक वाक्य प्रकरणाच्या आरंभी लिहिल्याने मात्र काम भागत नाही. मूळ लेखकाचे विवेचन कोठे संपते आणि प्रबंधकाराचे कोठे सुरू होते, हे परिच्छेदागणिक कळले पाहिजे.

दुसरा प्रसंग उसन्या संदर्भाचा. एखाद्या अभ्यासकाने हस्तलिखित पाहून दिलेली तळटीप दुसरा अभ्यासक ते हस्तलिखित न पाहता जशीच्या तशी देतो. पहिल्याच्या वाचनात चूक असेल तर ती दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या ग्रंथात जाते आणि तीन साक्षीदारांचा आभास निर्माण होतो. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो. 'अमुक ग्रंथात उद्धृत' एवढे दोन-तीन शब्द जोडल्यास हा दोष टळतो. हस्तलिखिताचे किंवा मोडी कागदाचे लिप्यंतर दुसऱ्याने केलेले असेल, तर तेही त्याच्या नावाने नोंदविले पाहिजे. मोडी वाचणे हा बौद्धिक श्रम आहे, कारकुनी नव्हे.

तिसरा प्रसंग मौखिक साहित्याचा. लोकगीते 'लोकांची' असतात, म्हणून गाणाऱ्याचे नाव देण्याची गरज नाही, असे पुष्कळ काळ मानले गेले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनाने याहून वेगळा आदर्श घालून दिला. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात गाणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची गावे यांची नोंद आहे. ओवी परंपरेची असली, तरी ती आठवणीत ठेवणारी, तीत दोन शब्द बदलणारी आणि ती अभ्यासकाच्या स्वाधीन करणारी स्त्री कोणीतरी विशिष्ट असते. तिची संमती घेऊन तिचे नाव दिले पाहिजे. अवंतिसुंदरीने सांगितलेली 'कर्ता अप्रसिद्ध आहे' ही सबब येथे चालणार नाही.

७. कायदा आणि नीती

स्वामित्वहक्काचा भंग आणि वाङ्मयचौर्य यांची सरमिसळ विद्यार्थ्यांच्या मनात हमखास आढळते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. केशवसुतांचे निधन १९०५ मध्ये झाले; त्यांची संपूर्ण कविता छापण्यास आज कोणाच्या परवानगीची गरज नाही. तरीही तिच्यातील कल्पना स्वतःची म्हणून मांडणे हे वाङ्मयचौर्यच होय. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मधील. त्यांच्या कवितेवर हक्क आहे. परंतु संशोधनासाठी व समीक्षेसाठी उचित मर्यादेत अवतरण देण्यास कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाव ठेवला आहे. पहिल्या बाबतीत कायद्याची आडकाठी नसताना अपराध घडू शकतो. दुसऱ्या बाबतीत हक्क शाबूत असताना अपराध घडत नाही. कायदा मालकीचे रक्षण करतो, निर्देश सत्याचे. हक्क साठ वर्षांनी संपतो. निर्देशाचे कर्तव्य कधीच संपत नाही.

८. सचोटीचे अध्यापन

शिक्षेच्या तरतुदी कितीही काटेकोर असल्या, तरी एक प्रश्न उरतो. विद्यार्थ्याला हे सर्व शिकविले केव्हा? शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत पुष्कळ विद्यार्थ्यांचा अनुभव असा, की सरांनी सांगितलेली टिपणे किंवा बाजारातील मार्गदर्शकांतील उत्तरे शब्दशः उतरविली की गुण मिळतात. तेथे निर्देश कोणी मागत नाही. उलट टिपणांपासून दूर जाणारे उत्तर धोक्याचे ठरते. पंधरा-सोळा वर्षे ज्या सवयीला शाबासकी मिळाली, तीच सवय संशोधनाच्या नोंदणीनंतर एकाएकी अपराध ठरते. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा विद्यार्थ्यांना या बदलाचा फटका सर्वांत अधिक बसतो. ऋण घेतले पण लिहून ठेवण्याची रीत ठाऊक नव्हती, अशी व्यक्ती आणि पैसे मोजून दुसऱ्याकडून प्रबंध लिहवून घेणारी व्यक्ती यांत नैतिक अंतर फार मोठे आहे. टक्केवारीच्या श्रेणीत हे अंतर उमटत नाही. किंबहुना विकत घेतलेला प्रबंध नव्याने लिहिलेला असल्यामुळे तो तेथे निर्दोषच ठरतो.

संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीवरील दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य केला, हे स्वागतार्ह पाऊल होते. मात्र हे शिक्षण त्याहून बरेच आधी, पदवी व पदव्युत्तर वर्गांतच सुरू व्हावयास हवे. त्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. टिपण काढताना मूळ लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले शब्द त्याबाहेर लिहिणे. प्रत्येक टिपणाच्या कपाळावर ग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठांक नोंदविणे. एका परिच्छेदाचे शब्दशः अवतरण, सारांश आणि प्रतिवाद असे तीन पाठ वर्गात करवून घेणे. निबंध तपासताना दोन तळटीपा निवडून विद्यार्थ्याबरोबर ग्रंथालयात त्या मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते. अध्यापकाने स्वतःच्या व्याख्यानात 'हे मत अमुक समीक्षकांचे' असे सांगितले, तर विद्यार्थ्याच्या कानावर निर्देश रोज पडतो.

२०२२ च्या अखेरीपासून मागणीनुसार मजकूर तयार करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि या विषयाला नवे वळण मिळाले. असा मजकूर कोणत्याही ग्रंथाशी शब्दशः जुळेलच असे नाही. त्यात अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे व लेखांचे संदर्भही बेमालूम मिसळलेले आढळतात. २०१८ च्या विनियमांतील साम्याची कसोटी येथे अपुरी पडते. निर्देशाची कसोटी मात्र अपुरी पडत नाही. हे विधान कोठून आले, ते कोणी पाहिले, ते पुन्हा पाहता येईल काय, हे तीन प्रश्न म्हाइंभटांच्या काळी जेवढे लागू होते तेवढेच या मजकुरालाही लागू होतात. ज्याला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याचा प्रबंध आकड्याने निर्दोष ठरला तरी संशोधन ठरत नाही.

मौखिक परीक्षेच्या वेळी परीक्षकाने आकड्याच्या कागदाऐवजी प्रबंधातील एखादी तळटीप उघडून तिच्याविषयी विचारावे. तो ग्रंथ कोणत्या ग्रंथालयात पाहिला, त्या पृष्ठावर आणखी काय होते, तेथील मत का स्वीकारले वा नाकारले, हे ज्याने काम केले त्याला सहज सांगता येते. ज्याचे ऋण मोठे आहे अशा प्रामाणिक विद्यार्थ्याला या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही. अशा परीक्षेला वेळ लागतो, परीक्षकाने प्रबंध मनापासून वाचलेला असावा लागतो आणि मार्गदर्शकाने प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी त्या तळटीपा पाहिलेल्या असाव्या लागतात. सचोटीची अपेक्षा विद्यार्थ्याकडून करावयाची, तर वाचनाची ही जबाबदारी अध्यापकाला टाळता येणार नाही.